दुपारी दोनचे आठ सिनेमे

२४ डिसेंबर, बुधवार. सकाळी ९.
निर्णय झाला. आजपासून ३१ तारखेपर्यंत, नाताळच्या सुट्टीनिमित्त, रोज दुपारी दोन वाजता टीव्हीवर जुने गाजलेले सिनेमे. आठ दिवस, आठ सिनेमे. आठही पूर्ण बघायचे. मधे उठायचं नाही. मोबाईल लांब. पाणी आधीच पिऊन बसायचं.

कारण सुकेशनी. परवा परभणीच्या गाडीतून मानवत स्टँडवर उतरली तेव्हा तिची बॅग मी उचलली. विचारलं, सुट्टीत काय करणार. म्हणाली, घरीच हाय. दोन वाजता जुने सिनेमे लागणार हायत टीव्हीवर, तू पण बघत जा धम्मा, लय चांगले असतात. मुलगी यापेक्षा सरळ बोलत नसते. राहिलेला अर्थ आपण लावायचा.

योजना: रोज सिनेमा बघून तिला परीक्षण पाठवायचं. ३१ ला शेवटचा सिनेमा संपला की मनातलं सांगून टाकायचं. सहा वर्षं थांबलो, आठ दिवस म्हणजे काहीच नाही.

वेळेचा प्रश्न नाही. कॉलेज मी सोडलेलं आहे. (मी सोडलं. डस्टर सरांच्या दिशेने गेलं हे खरं, पण ते हातातून सुटलं होतं.)

त्याच दिवशी, ५ वाजता.
सिनेमा पहिला. काळा-पांढरा. कोर्ट, वकील, एक निरपराध माणूस. सुरुवात प्रभावी. वीस मिनिटांनंतर डोळे मिटून फक्त संवाद ऐकले. डोळे उघडले तेव्हा बातम्या चालू होत्या, त्यामुळे निरपराध माणसाचं पुढे काय झालं ते नक्की सांगता येत नाही. बघण्यासारखा: हो.

तिला पाठवलं: छायाचित्रण अप्रतिम, शेवट चटका लावणारा.
उत्तर: एक अंगठा.
एकच, पण चार मिनिटांत आला.

२५ डिसेंबर, गुरुवार. सकाळी ११.३०.
विहारात स्त्रीमुक्ती दिनाचा कार्यक्रम. सुकेशनी बोलली. पांढरी साडी, हातात कागद, पण कागदाकडे बघितलंच नाही. म्हणाली, मुलीला विचारल्याशिवाय सोयरीक ठरवणारा बाप आणि मुलीला न विचारता तिच्यासाठी झुरणारा पोरगा, दोघंही तिला माणूस धरत नाहीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत जास्त मी. दुसरा मुद्दा कोणाला उद्देशून होता कळलं नाही, पण असे लोक आहेत गावात.

दुपारी ३.
घात झाला. बाबा आज घरी. एरवी जिनिंगवर काट्यापाशी असतात, कापसाच्या गाड्या वजन करतात, आज दुपारीच आले आणि म्हणे क्रिकेट लावायचं. मी म्हणालो, क्लासिक सिनेमा आहे. बाबा म्हणाले, कॉलेज सोडलं आन आता टीव्हीची डिग्री घ्यायलास का, टीव्ही काय तुझ्या बापाचा हाय? मी म्हणालो, हो.  बाबांनी रिमोट ओढला. मीही ओढला. मग माझा राग अनावर झाला आणि रिमोट भिंतीवर गेला.

आता बटण दाबलं तरी चॅनेल बदलत नाही. भाजी चिरायचं यंत्र विकणाऱ्या चॅनेलवर टीव्ही अडकला आहे. एक बाई हसत हसत कांदा कापते. सारखी. बाबा बघत बसलेत, माझ्याकडे न बघता.

सिनेमा दुसरा: अकरा मिनिटं. एक मुलगी घागर घेऊन चालली होती. कुठे, ते कळायच्या आत वरचं सगळं घडलं. बघण्यासारखा: असावा.

परीक्षण पाठवलं: ग्रामीण जीवनाचं वास्तव चित्रण. अंगठा आला नाही.

२६ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी.
जेवण जात नाही. दोनपैकी एकही पूर्ण नाही. असाच आठवडा गेला तर ३१ ला कोणत्या तोंडाने बोलू?

उपाय सुचला. धाडसी. सिनेमे तिच्याच घरी बघायचे.

संध्याकाळी ५.३०.
जमलं. दोनला पाच कमी असताना भगवानराव काकांच्या दारात. सुकेशनीचे वडील. एसटीत कंडक्टर होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. त्याच वर्षी काकू वारल्या. घरात ते, सुकेशनी आणि त्यांची बहीण लक्ष्मीआत्या. म्हणालो, आमचा टीव्ही बिघडलाय. काकांना एवढा आनंद झाला की मलाच लाज वाटली. पुढे सरक, पुढे सरक म्हणत मला बरोबर टीव्हीसमोर बसवलं.

सिनेमा तिसरा. हरवलेला मुलगा आणि आंधळी आई. पहिल्या पाच मिनिटांत काकांनी सांगून टाकलं की तो इन्स्पेक्टर तिचाच मुलगा. हा सिनेमा त्यांनी जत्रेत तंबूत बघितला होता. पडद्याच्या मागच्या बाजूला बसून, कारण तिकडून तिकीट कमी. मागून सगळं उलटं दिसायचं, हिरो डाव्या हाताने मारायचा. म्हणाले, आज पहिल्यांदा कळलं, हा तर उजवा हाय. तीन तास बोलत होते. आईला मुलगा सापडला तेव्हा मी काकांचं शेंगोळ्याबद्दलचं बोलणं ऐकत होतो.

सुकेशनी आतल्या खोलीत. परीक्षेचा अभ्यास करायलीय म्हणे. एकदा चहा ठेवून गेली. सिनेमाकडे बघितलंसुद्धा नाही. मी असल्यावर कशी बघणार, लाजली.

२७ डिसेंबर, शनिवार. ४.३०.
सिनेमा चौथा. भुताचा बंगला. पांढऱ्या साडीतली बाई जिना चढते, चढते, आणि लाईट गेली. आली नाही. उरलेला सिनेमा काकांनी करून दाखवला. बंगल्याचा मालक, नोकर, भूत, सगळे आवाज. भूत शेवटी भूत नसतं, मालकाची बहीण असते. आत्या आतून म्हणाली, दादा गप बसा, शेजारी काय म्हणतील. बघण्यासारखा: काकांनी केलेला भाग उत्तम.

पण हे सगळं बाजूला.

निघताना काका म्हणाले, उद्या जरा लवकर ये बाळ. जिंतूरचे पाहुणे यायलेत सुकेशनीला बघायला. पाणी-चहाला घरात पोरगं न्हाई.

पायातली चप्पल कुठली हे कळेना. घरी आलो तेव्हा एक माझी होती, एक काकांची.

शांतपणे विचार केला. काकांनी हे मलाच का सांगितलं? गल्लीत बारा पोरं आहेत. एका बापाला आपल्या मनातला मुलगा कोण हे सरळ सांगता येत नाही, तो असंच सुचवतो. उद्या मी तिथे असावं, पाहुण्यांनी मला बघावं आणि काय ते समजून जावं, हा त्यांचा हेतू. नाहीतर अर्थ लागत नाही. लागू नये.

२८ डिसेंबर, रविवार. ६ वाजता.
अक्षर वेडंवाकडं आलंय, बघा. (बघा कोणाला म्हणालो कोण जाणे.)

दोन माणसं आली. मुलगा सिद्धोधन, जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. आणि त्याची आई. मुलगा साधा. केसांना तेल. म्हशीला इंजेक्शन देणारा माणूस असतो तसा. मी पाणी दिलं. मी पोहे दिले. पोह्याच्या बशा नेताना त्याच्या बशीत मिरच्या जास्त असतील याची काळजी घेतली. त्याने मिरच्या खाल्ल्या आणि म्हणाला, चव हाय.

सिनेमा पाचवा आवाज बंद करून चालू. पाहुण्यांच्या डोक्यावरून जेवढा दिसला तेवढा बघितला. शेवटी लग्न झालं. कोणाचं कोणाशी, ते मुलाच्या आईच्या अंबाड्याआड गेलं.

मग ती बाई म्हणाली, पोरीला भाऊ न्हाई, मग मुराळी कोण येणार? म्हणजे लग्नानंतर मुलीला सणाला माहेरी आणायला जो जातो तो. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, हा हाय की.

हात बराच वेळ होता. पाहुण्यांसमोर. या घरातलं माझं स्थान आज जाहीर झालं, एवढं म्हणतो.

काकांनी पाहुण्यांना सांगितलं, पोरीच्या तोंडून हो आल्याशिवाय आमचं हो न्हाई. सुकेशनी म्हणाली, ३१ ला सांगते. मान खाली न घालता. तीन दिवस तिने मागून घेतले. कोणासाठी, हे मला विचारू नये.

२९ डिसेंबर, सोमवार. सकाळी.
झोप नाही. आरशात डोळे लाल. आई म्हणाली, काय झालंय तुला, तोंड कसं झालंय. बाबा म्हणाले, तोंड पहिल्यापासूनच तसं हाय. रागाने बादलीला लाथ मारली. बादली भरलेली होती. अंगठा सुजला.

संध्याकाळी ५.
सिनेमा सहावा. यात एक माणूस मित्रासाठी आपलं प्रेम सोडून देतो आणि पावसात एकटा चालत जातो. असला मूर्ख मनुष्य मी जन्मात बघितला नाही. मी काकांना तसं म्हणालो. काका डोळे पुसत होते. म्हणाले, तुझी काकू गेली तेव्हापासून मला पावसातले सीन बघवत न्हाईत.  बघण्यासारखा: नाही. तत्त्वतः नाही.

सुकेशनी आज दिसली नाही.

ठरलं. बोलून, लिहून, परीक्षणं पाठवून होत नाही, कारण या जगात सरळ माणसाला किंमत नाही. उद्या जिंतूर. त्या सिद्धोधनला समोरासमोर सांगणार: या सोयरिकीचा नाद सोड. तिसऱ्यांदा सांगायला लावू नको. (सहाव्या सिनेमातला व्हिलन असं काहीतरी म्हणाला. वाक्य मी सुधारलं आहे.)

सिनेमा सातवा बुडणार. लढाईत असं होतं.

३० डिसेंबर, मंगळवार. सकाळी १०, एसटीत.
परभणीला गाडी बदलली. वाक्य वीस वेळा म्हणून बघितलं. शेजारच्या म्हाताऱ्याने जागा बदलली. चांगलं आहे, परिणाम होतोय.

संध्याकाळी ७. परत.
काय झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे मलाच कळेल.

दार सिद्धोधनच्या आईने उघडलं. मला बघून क्षणभर थांबली. मग आत ओरडली, अरे सिद्धू, जल्दी ये, पोरीचा भाऊ घर बघायला आलाय.

मी म्हणालो, तसं नाही. ती म्हणाली, तसंच पाहिजे. न सांगता आलं की घर खरं दिसतं. सांगून आल्यावर कोण बी झाडून ठेवतंय. माझ्या बापानं घर न बघता दिलं मला, तीन कोसांवरून पाणी आणायचे मी. तुमी सगळं बघा, भिऊ नका.

मी आपल्याकडची ही पद्धत विसरलोच होतो. मुलगी पसंत पडली की मुलीकडचा माणूस मुलाचं घर बघून येतो. आणि मी त्यांच्या दारात उभा. मुराळी म्हणून ज्याच्या खांद्यावर दोन दिवसांपूर्वी सगळ्यांसमोर हात ठेवला होता तोच.

पाय धुवायला पाणी दिलं. सुजलेला अंगठा बघून हळद आणली. मग घर दाखवलं. स्वयंपाकघर. नळ सोडून दाखवला, पाणी येत होतं. संडास. दार आतून लागतं हे सिद्धोधनने स्वतः आत जाऊन दाखवलं. मागच्या खोलीत भिंतीला चीर होती. मी बघितली नव्हती. त्यानेच बोट ठेवून दाखवली आणि म्हणाला, पुढच्या उन्हाळ्यात बुजवतो, आत्ता खोटं कशाला बोलू.

मी वाक्य आठवलं. या सोयरिकीचा. पुढे आठवत होतं. तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ताट आलं.

जेवलो. दोन दिवसांनी पहिल्यांदा. हुरडा, वांग्याचं भरीत, वर दही. सिद्धोधनने आपलं ताट आपण उचलून घासलं. त्याच्या आईने त्याला रागवलं नाही, म्हणजे रोजचं असणार. मला म्हणाला, दादा, तुमच्या ताईला पुढं शिकायचं असलं तर शिकू द्या असं मी आधीच म्हणणार होतो, पण पोहे खाताना जमलं न्हाई, मिरच्या लय होत्या.

निघताना टोपी आणि टॉवेल. दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांनी घातलीच. म्हातारी म्हणाली, बाळा, घर कसं वाटलं?

मी म्हणालो, छान आहे.

दोनच शब्द. आणि ते तिखटपणाने म्हणालो होतो. पण तिखटपणा त्यांच्यापर्यंत पोहोचला नसावा, कारण तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला.

परभणीत उतरल्यावर लक्षात आलं, टोपी अजून डोक्यावर आहे.

३१ डिसेंबर, बुधवार. सकाळी ८.
काकांचा फोन. जिंतूरवाल्यांनी कालच कळवलं, तुमचा पोरगा येऊन गेला, सगळं बघितलं, पसंत पडलं म्हणाला.  म्हणाले, मी तुला सांगायच्या आत तू गेलास. पोटचं पोरगं असतं तरी गेलं नसतं.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. बाबा बाहेरून म्हणाले, पाणी भरायचंय, रडायचं असलं तर गच्चीवर जा.

अजून वेळ आहे. ती हो म्हणालेली नाही. आज सहा वाजता गल्लीतली गाडी भीमा कोरेगावला निघणार, सुकेशनी आणि आत्या त्यात जाणार. त्याआधी ती काकांना उत्तर देणार. म्हणजे सहापर्यंत सगळं शक्य आहे. सिनेमा आठवा पाचला संपतो. एक तास मिळतो. सहा वर्षांचं एका तासात बसवायचं, बसेल.

संध्याकाळी ६.१५.
लिहितो.

सिनेमा लागला. आगबोट, वादळ, एक कॅप्टन. दहा मिनिटं झाली नसतील, सुकेशनीने दारातून खूण केली. मला. मी उठलो. आठव्या दिवशी पहिल्यांदा मीच सिनेमा मधेच सोडत होतो आणि पाय जमिनीवर नव्हते.

ओसरीवर आत्याने वाळत घातलेल्या शेवया. ती त्यांच्या पलीकडे, मी अलीकडे. म्हणाली, धम्मा, तू जिंतूरला माझ्यासाठी गेलास ना? मी म्हणालो, हो. हे खरं होतं.

म्हणाली, पप्पांना सगळेच चांगले वाटतात. आत्याला माझं कुठंतरी उरकलं की झालं. मला खरं सांगणारं कोणी न्हाई. तू मला आजवर खोटं बोलला न्हाईस.

ती परीक्षणं. मी शेवयांकडे बघितलं.

म्हणाली, तिथं काही खोट असली तर आत्ता सांग. तू न्हाई म्हणालास तर मी न्हाई म्हणते. पप्पांना मी बघते.

म्हणजे सगळं माझ्या हातात आलं. सकाळपासून, गेल्या बुधवारपासून, सहा वर्षांपासून जे मागत होतो ते शेवयांच्या पलीकडून तिने उचलून दिलं. पितो म्हणायचं. एवढंच. तो पितो. दोन शब्द. जिंतूरला जेवढे बोललो तेवढेच.

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. बोट पांढरं पडलेलं.

मी म्हणालो, मागच्या खोलीत भिंतीला चीर आहे.

म्हणाली, आणि?

म्हणालो, ती त्याने स्वतःहून दाखवली.

मग सगळंच सांगितलं. नळ, ताट, शिक्षण. म्हातारी तीन कोसांवरून पाणी आणायची ते. सांगताना मला वाटत होतं मी दुसऱ्याच कोणाचं बोलतोय. ती ऐकत होती आणि तिचं बोट हळूहळू मोकळं होत होतं.

मी म्हणालो, मला पण तुला काही सांगायचंय.
बोल, म्हणाली.
म्हणालो, तू रोज सिनेमा बघायला बाहेर का नाही आलीस?

ती हसली. म्हणाली, मला कुठं आवडतात. पप्पा एकटेच बसतात आई गेल्यापासून. मी गेल्यावर कोण बसणार, म्हणून त्या दिवशी स्टँडवर चार-पाच जणांना सांगितलं, बघत जा म्हणून, वाटलं आमच्याकडं येऊन बसतील. तू एकटाच आलास.

मग आत गेली. काकांचा आवाज आला, आत्याचा आवाज आला, मग आत्या बाहेर येऊन माझ्या तोंडात साखर कोंबून गेली. टीव्हीवर कॅप्टन ओरडत होता. काकांनी मला ओढून जवळ बसवलं. बोटीचं काय झालं ते त्यांनाही माहीत नव्हतं, आम्ही दोघांनीही बघितलं नाही.

गाडी सहाला गेली. तिच्यासाठी खिडकीची जागा मी धरून ठेवली होती.

खोटं बोललो नाही, हा माझा नैतिक विजय. तो जेवढा मोठा असायला हवा तेवढा वाटत नाही. थकल्यामुळे असेल.

१ जानेवारी, गुरुवार. सकाळी ११.
गल्ली रिकामी. नवीन वर्षाचे संकल्प करायला बसलो. पहिला लिहिला, खोडला.

सिद्धोधनचा फोन आला. मला दादा म्हणाला. चार वर्षांनी मोठा आहे माझ्यापेक्षा. हळू आवाजात म्हणाला, आई बाजूला हाय म्हणून थोडक्यात विचारतो. सुपारीच्या दिवशी सुकेशनीला काहीतरी द्यावं म्हणतोय. मला बायकांचं काही कळत न्हाई. तुमी तिला लहानपणापासून ओळखता. तिला काय आवडतं?

मी लगेच सांगणार होतो. मग रंग आठवायला लागलो. खाण्यातलं. वाचण्यातलं. तिच्या हातात कधी काय बघितलं. त्या दिवशी उचललेल्या बॅगेत काय असेल. तो फोनवर थांबला होता, मागे म्हैस ओरडत होती.

म्हणालो, विचारून सांगतो.